आवडत्या लेखकाची नवी कादंबरी वाचली आणि पार पोपट झाला. पुढची घ्यावी का?

रात्रपाळीवाचक:

मंडळी, सल्ला हवाय, आणि खरं सांगायचं तर थोडी भडासही काढायचीय. लेखकाचं नाव मुद्दाम घेत नाहीये. एकदा नाव आलं की पुस्तक बाजूला राहतं, त्यांचे फॅन आणि त्यांच्यावर खार खाणारे असे दोन गट पडतात आणि मग धुमश्चक्री. ओळखणारे ओळखतीलच.

तर आधीच्या चारही कादंबऱ्या वाचल्यात, दुसरी तर पारायणं झालीत. पाचवी येतेय हे कळल्यापासून वाट बघत होतो, आल्या आल्या मागवली, आणि शेवटची शंभरेक पानं अक्षरशः रेटून संपवली. वाईट आहे असंही म्हणवत नाही. भाषा तशीच स्वच्छ आहे, वाक्यं नीट आहेत, कुठे अडखळायला होत नाही, पण पुस्तक मिटलं आणि आत काही हललंच नाही, सरळ फोन हातात घेतला.

या माणसाची खरी ताकद म्हणजे न सांगणं. दुसऱ्या कादंबरीत मुलगा कायमचा घर सोडून निघालाय, त्या सकाळी बाप त्याच्या बुटांना पॉलिश करायला बसतो आणि एकच बूट घासत राहतो, दुसऱ्याला हातच लावत नाही. मुलगा एक चकचकीत आणि एक मळका असे बूट घालून निघून जातो. बस, प्रकरण संपलं. पुढे त्या बुटांचं नावही नाही.

आता नवीन घ्या. बहीणभाऊ खूप वर्षांनी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये भेटतात. बाकडं ओलं आहे. भावाच्या हातात पेपर आहे, अजून घडीही मोडलेली नाही, तो ते बाकड्यावर अंथरतो, तिला बसायला सांगतो आणि स्वतः उभा राहतो. मी मनात म्हटलं, आला, आपला माणूस आला! आणि मग पुढचं जवळजवळ पानभर त्या पेपरचा अर्थ. त्यात म्हणे त्याची इतक्या वर्षांची माफी होती, आणि ती तिला कळली होती, पण कळलंय हे तिला दाखवायचं नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं होतं. अहो कळलं ना आम्हाला! आम्ही काय झोपलो होतो का?

हे एकदाच असतं तर सोडून दिलं असतं, पण सगळीकडे तेच. दर चांगल्या प्रसंगानंतर लेखक स्वतः येऊन उभा राहतो आणि समजावतो. त्यात सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात, बारा वर्षांची भाचीसुद्धा रिटायर्ड प्राध्यापकासारखी. आणि घराच्या वाटणीचा खटला, जो दीडशे पानं छान तापवलाय, तो कपाटाच्या तळाशी सापडलेल्या एका पत्राने एका फटक्यात मिटतो. पत्र!! या लेखकाकडून!

विचारायचं हे की असं तुमचं झालंय का, आणि झालं तेव्हा पुढचं पुस्तक घेतलंत का? का मीच बदललोय? जुन्या चार पुन्हा वाचायची भीती वाटायला लागलीय, म्हणजे तिथेही हे सगळं आधीपासून असेल आणि तेव्हा दिसलं नसेल तर काय घ्या.

---

कोपऱ्यातलीखुर्ची:

झालंय, दोनतीन लेखकांच्या बाबतीत झालंय. पण मला वाटतं यात निम्मा भाग साध्या हिशोबाचा असतो. आपण नवीन लेखक उचलतो तो कुठून? कोणीतरी सांगतं की याचं अमुक पुस्तक वाचच, आणि सांगणारा त्याचं सर्वात जमलेलं पुस्तकच सांगणार ना, फसलेलं कशाला सांगेल. म्हणजे आपली ओळखच त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाशी होते. मग त्याची नेहमीची पातळी दिसली की आपल्याला वाटतं घसरला. तो घसरलेला नसतो, आपण मोजायला सुरुवात शिखरावरून केलेली असते. तुम्ही सुरुवात दुसऱ्या कादंबरीपासून केलीत का? पैज लावते, हो.

दुसरं म्हणजे चार पुस्तकांनंतर आपल्याला त्या लेखकाच्या खोड्या पाठ होतात. पहिल्यांदा बूट वाचताना तुम्हाला ठाऊक नव्हतं की हा माणूस वस्तूंमधून बोलतो. आता पेपर दिसल्या दिसल्या तुम्ही सावध झालात, "आला आपला माणूस" हे तुम्हीच लिहिलंय बघा. जादूगाराची बाही कुठली ते कळल्यावर प्रयोग तोच राहत नाही.

अर्थात पानभर समजावलंय म्हणता ते काही तुमच्या डोक्यातलं नाही, ते छापलेलं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

सहजच:

मम. मी तर वेटिंग रूमनंतर पुस्तक ठेवून दिलं ते दिलंच. पत्राचं इथे कळलं, आता उचलणारही नाही. वाचवल्याबद्दल धन्यवाद 😀

---

खोडरबर:

मी बरीच वर्षं संपादनाचं काम करतोय (कुठे ते सोडा, आणि हे पुस्तक आमच्याकडचं नाही). आतून हे कसं होतं ते सांगतो, बाहेरून बघताना वाटतं लेखक आळसावला, पण नेहमी तसं नसतं.

नवख्या लेखकाचं हस्तलिखित येतं तेव्हा त्याच्यावर कोणाचंही दडपण नसतं. चार जण वाचतात, कोणीतरी लांबलचक पत्र लिहितं, हे प्रकरण काढा, ही मावशी कशाला आहे, शेवट दोन पानं आधीच झालाय. लेखक चिडतो, मग परत लिहितो. यात वर्ष सहज जातं, कारण त्या पुस्तकाची कोणी वाटच बघत नसतं. पाचव्या पुस्तकापर्यंत चित्र उलटं झालेलं असतं. तारीख आधी ठरते, मुखपृष्ठ आधी जाहीर होतं, प्रीबुकिंग सुरू होतं आणि हस्तलिखित हप्त्याहप्त्याने येत असतं. संपादकाच्या हाती ते पडतं तेव्हा शुद्धलेखन आणि तपशिलातल्या चुका बघण्यापलीकडे वेळ नसतो. आणि वेळ असला तरी सांगायचं कोणी? खपणाऱ्या लेखकाला "हे पान उडवा" म्हणायला छाती लागते. तुमच्या वेटिंग रूमचं उदाहरण वाचल्या वाचल्या माझा हात लाल पेनकडे गेला. तो परिच्छेद उडवायला एक मिनिट लागतं आणि प्रसंगाला धक्काही लागत नाही, फक्त ते मिनिट कोणाला तरी मिळायला हवं होतं.

संपादनाने किती फरक पडतो याचं जगजाहीर उदाहरण हार्पर ली. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६० चं. त्याआधी पन्नाशीच्या दशकात तिने जे हस्तलिखित दिलं होतं त्यात नायिका मोठी झालेली, शहरातून घरी परतलेली अशी होती. टे होहॉफ नावाच्या संपादिकेने ते ओळखलं, की यातला लहानपणीचा भाग जिवंत आहे, आणि तिला मुलीच्या नजरेतून नव्याने लिहायला लावलं. त्यात दोनेक वर्षं गेली. मग २०१५ मध्ये ते जुनं हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' म्हणून बाहेर आलं आणि लोक हळहळले, वडिलांचं पात्र असं वर्णद्वेषी कसं केलं म्हणून. बऱ्याच जणांनी ते पुढचा भाग समजून वाचलं. लिहिण्याच्या क्रमात ते आधीचं होतं.

म्हणून रात्रपाळीवाचक, पुढचं पुस्तक घ्यायच्या आधी हे शोधा की ते नवीन लिहिलेलं आहे का जुन्या ट्रंकेतलं. पाचवं कधीकधी पहिल्याच्याही आधीचं असतं. पूर्वी नाकारली गेलेली जुनी हस्तलिखितं लेखक नावारूपाला आल्यावर धूळ झटकून देतात, आणि प्रकाशक नाही म्हणत नाहीत.

---

उलटंपान:

मी विरुद्ध बाजूने बोलतो. मला आवडली!

म्हणजे पत्र मलाही खटकलं, त्याचा बचाव करत नाही. पण तुम्ही सगळे पहिल्या दोन भागांवर बोलताय. तिसऱ्या भागात बहीण, जी आयुष्यभर नर्स होती, ती आता स्वतः पेशंट म्हणून वॉर्डमध्ये आहे आणि रात्री ड्यूटीवरची नवीन पोरगी तिची सलाईन लावते. पोरीला शीर सापडत नाहीये. एकदा टोचते, दोनदा टोचते. आपल्या बाईंना नुसत्या बघून कळतंय की कुठे टोचायला हवं, पण त्या बोलत नाहीत, फक्त हात किंचित फिरवतात, मनगट बाहेरच्या बाजूला, जशी झोपेत कूस बदलावी तसा. पोरीला शीर मिळते आणि तिला वाटतं आपल्यालाच जमलं, ती खुश होऊन जाते. याचं स्पष्टीकरण कुठेही नाही. एक ओळ नाही! मग कसलं म्हणता न सांगणं संपलं?

मला उलट असं वाटलं की लेखक मुद्दाम करतोय. भाऊ बोलघेवडा आहे, त्याच्या भागात सगळं बोलून दाखवलं जातं. बहीण अबोल, तिच्या भागात शांतता. तुम्ही शेवटची शंभर पानं "रेटून" वाचलीत म्हणताय, नेमकी तीच चांगली होती राव.

---

रात्रपाळीवाचक:

@कोपऱ्यातलीखुर्ची, पैज जिंकलात, दुसरीपासूनच सुरुवात केली होती. शिखराचा मुद्दा पटला. पण मग तिसरी आणि चौथी का आवडल्या? त्या शिखर नव्हत्या, चौथी तर बऱ्यापैकी विस्कळीत आहे, तरी पुस्तक संपल्यावर दोन दिवस ते लोक डोक्यात फिरत होते. विस्कळीत चालतं हो मला. शिकवणी नाही चालत.

@उलटंपान, सलाईनचा प्रसंग भारी आहे, मान्य. पण भावाच्या भागात मुद्दाम समजावलंय हे नाही पटत. भाऊ बोलघेवडा असेल तर समजावणं त्याच्या तोंडी हवं ना. वेटिंग रूमचा परिच्छेद निवेदकाचा आहे, त्यात बहिणीच्या मनातलं पण सांगितलंय जे भावाला कळायचं कारणच नाही. मुद्दाम केलं असतं तर या माणसाने ते असं ढिलं सोडलं नसतं, इतका तरी त्याला ओळखतो. आणि भाचीचं काय? ती कोणत्या भागात आहे म्हणून तशी बोलते?

@खोडरबर, तुमचा प्रतिसाद वाचून राग थोडा वाटला गेला, निम्मा लेखकावर, निम्मा तारीख ठरवणाऱ्यांवर 😀

---

शब्दखूळ:

हा विषय निघाला की मला अगाथा ख्रिस्ती आठवते. शेवटची शेवटची पुस्तकं वाचताना कित्येकांना जाणवायचं की काहीतरी सैल झालंय, माणसं तेच तेच परत बोलतात, तारखा जुळत नाहीत, आणि लोक म्हणायचे म्हातारपणी कंटाळली असेल. २००९ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या कादंबऱ्यांमधले शब्द कॉम्प्युटरवर मोजले. शेवटच्या काळात वेगवेगळे शब्द वापरणं ठळकपणे कमी झालेलं, तीच वाक्यखंडं पुन्हा पुन्हा, आणि "काहीतरी", "ती गोष्ट" असले मोघम शब्द वाढलेले. डिमेन्शिया असावा असा त्यांचा अंदाज, हयातीत तसं निदान काही झालेलं नव्हतं. सर्वात जास्त घसरण १९७२ च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' मध्ये दिसली. आणि त्या कादंबरीत काय आहे, तर एका रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंना जुनी भानगड आठवायचीय आणि ती धड आठवत नाही म्हणून त्या जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करत फिरतात. हे कळल्यावर मला त्या पुस्तकाला नावं ठेवणं जड जातं.

गंमत म्हणजे तिच्या हयातीत आलेली, पॉयरो या तिच्या गुप्तहेराची शेवटची कादंबरी, 'कर्टन', १९७५ मध्ये आली आणि ती एकदम घट्ट विणीची आहे. कारण ती लिहिलेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मग तीसेक वर्षं बाजूला ठेवलेली. म्हणजे खोडरबर म्हणतात त्याच्या बरोबर उलटं, जुन्या ट्रंकेतलं पुस्तक ताज्यापेक्षा सरस निघालं.

---

खोडरबर:

@शब्दखूळ, ट्रंक ट्रंकेत फरक असतो हो. एका ट्रंकेत जमलेलं जपून ठेवलेलं असतं, दुसरीत नाकारलेलं.

आणि कृपया इथल्या लेखकाला हे लावू नका, माणूस पन्नाशीच्याही अलीकडे आहे. एक पुस्तक फसलं की लगेच डोकं तपासायला पाठवायचं का?

---

शब्दखूळ:

छे छे, तसं अजिबात म्हणायचं नव्हतं. "घसरला" म्हणताना कारण आपल्याला बाहेरून दिसत नाही, एवढंच.

---

जिन्याखालचामाणूस:

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक कारण कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

या लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीनंतरच्या मुलाखती बघा. दर ठिकाणी, दर कार्यक्रमात, प्रेक्षकांतून पहिला प्रश्न काय येतो? बापाने एकच बूट का घासला. मी स्वतः एका कार्यक्रमात मागच्या रांगेत बसून ऐकलंय. सुरुवातीला ते हसून टाळायचे, तुम्हीच सांगा म्हणायचे. मग लोक नाराज व्हायचे, एक बाई तर म्हणाल्या की तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही वाटतं. नंतर नंतर ते उत्तर द्यायला लागले, तयार, घोटलेलं उत्तर, आणि सभागृहात टाळ्या पडायच्या.

आता विचार करा, सातआठ वर्षं ज्या माणसाला न सांगितलेल्या गोष्टीचा जाब विचारला जातोय आणि सांगितल्यावर टाळ्या मिळतायत, तो पुढच्या वेळी पेपर अंथरल्यावर गप्प बसेल का? त्याने तो परिच्छेद तुमच्यासाठी नाही लिहिला रात्रपाळीवाचक, त्या बाईंसाठी लिहिलाय. प्रश्न यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा झाला बिचारा.

सलाईनच्या प्रसंगात ते झालं नाही, कारण तो शेवटाकडे आहे. माझा अंदाज असा की तिथे पोचेपर्यंत लेखकाच्या डोक्यातून ती बाई गेली असावी. बहुतेक पुस्तकांत लेखकाला सूर सापडायला वेळ लागतो, फक्त एरवी सूर सापडण्याआधीची पानं संपादक कापतो. इथे ती राहिलीयत.

---

कोपऱ्यातलीखुर्ची:

हे भारीच. म्हणजे दोष आपला, वाचकांचा?

---

जिन्याखालचामाणूस:

दोष कशाला, प्रश्न विचारणं गुन्हा थोडाच आहे. पण लेखकाने कोणाला डोळ्यापुढे ठेवून लिहायचं हे त्याने ठरवायचं असतं. वाचकांच्या मागणीपुढे मान तुकवावी लागणं तसं जुनंच आहे, कॉनन डॉईलला होम्सचा इतका वीट आला होता की १८९३ मध्ये त्याने त्याला धबधब्यात ढकलला, त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. लोकांनी दहा वर्षं पिच्छा सोडला नाही, शेवटी १९०३ मध्ये गडी जिवंत करावा लागला. परत आल्यावरच्या कथांत दमच नाही म्हणणारे आहेत, मला त्यातल्या काही जबरदस्त वाटतात. म्हणजे मनाविरुद्ध लिहूनही चांगलं होऊ शकतं, तोही नियम नाही.

---

उलटंपान:

म्हणजे मी शेवटची पानं चांगली म्हणत होतो ते बरोबर आणि रात्रपाळीवाचक पहिली वाईट म्हणत होते ते पण बरोबर. भाचीचा मुद्दा मात्र मान्य करतो, त्या पोरीला वाचवायला काहीच नाही माझ्याकडे. तिच्या वाढदिवसाचं भाषण तर मी गाळूनच पुढे गेलो होतो.

---

रात्रपाळीवाचक:

जिन्याखालचामाणूस, तुमच्या प्रतिसादानंतर वेटिंग रूमचं प्रकरण परत काढून वाचलं, यावेळी तो परिच्छेद पेन्सिलने खोडून. बहीण बसते, पेपर ओला होत जातो, शाई तिच्या साडीला लागते आणि भाऊ ते बघतो पण सांगत नाही. ही शाई मी पहिल्यांदा वाचताना पाहिलीच नव्हती! त्या पानभर प्रवचनानंतर लगेच येते ना, तोपर्यंत मी वैतागून नजर फिरवत होतो. प्रसंग होता तिथे, व्यवस्थित होता, वर झाकण ठेवलं होतं.

पत्राला मात्र माफी नाही.

तर ठरवलंय असं की पुढची घेणार, पण प्रीबुकिंग बंद. आधी कोणाचीतरी हातात घेऊन मधलंच एखादं प्रकरण वाचणार, पहिलं नाही, पहिलं सगळेच घासूनपुसून देतात. चांगल्या प्रसंगानंतरचा परिच्छेद बघायचा, तिथे लेखक गप्प बसला असेल तर घ्यायची. आणि जुन्यांपैकी चौथीपासून परत सुरू करतोय, दुसरीला इतक्यात हात लावत नाही.

---

सहजच:

मी अर्ध्यात सोडलीय, तर सलाईनवालं प्रकरण कितवं ते सांगा, थेट तेच वाचते.

---

उलटंपान:

तिसऱ्या भागातलं चौथं. पण थेट नका वाचू, त्याच्या आधीचं तरी वाचा, त्यात त्या बाई नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणाच्या तरी हाताला चुकीचं टोचतात ते आहे, त्याशिवाय मनगट फिरवल्याची मजा येणार नाही. भाची दिसली की पान उलटा.